औषधोपचारानंतर टाकीचे पाणी पूर्वपदावर कसे आणावे?

प्रश्न (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. आमच्या घरी ३० इंच लांब, १२ इंच रुंद आणि १५ इंच उंच अशी गोड्या पाण्याची टाकी गेली दोन वर्षे चालू आहे. तिच्यात दोन एंजल, सहा विडो टेट्रा, तीन मॉली आणि चार कोरीडोरास असे मासे आहेत. तळाशी बारीक खडी, मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीची रांग आणि कोपऱ्यात एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आहे.

गणपतीच्या आधी आम्ही दोन नवे टेट्रा आणले आणि ते वेगळे न ठेवता थेट टाकीत सोडले. त्याच आठवड्यात पावसाची झड लागून गारवा आला, आणि पाच-सहा दिवसांत माशांच्या पंखांवर रव्याचे दाणे शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसू लागले. दुकानदाराच्या सल्ल्याने मॅलाकाइट ग्रीन आणि मिथिलीन ब्लू यांचे मिश्रण असलेले औषध ९० लिटरच्या मापाने सलग पाच दिवस घातले, हीटर ३० अंशांवर ठेवला आणि दोन मोठे चमचे जाडे मीठ टाकले. ठिपके आता एकाही माशावर नाहीत. शेवटचे औषध परवा घातले होते.

अडचण पाण्याची आहे. ते निळसर तर आहेच, पण कालपासून त्यात भाताच्या पेजेसारखा पांढुरका गढूळपणा आला आहे, आणि पृष्ठभागावर उठणारे बुडबुडे लवकर फुटत नाहीत. दोन्ही एंजल आज सकाळपासून वरच्या बाजूला, हवेच्या बुडबुड्यांजवळ तोंड करून उभे आहेत. घरच्या टेस्ट किटवर अमोनिया साधारण १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग), नायट्राइट शून्य आणि पीएच ७.४ आला. स्पंज निळा पडला होता म्हणून तो मी काल नळाखाली स्वच्छ धुऊन परत बसवला.

मला वाटते की सगळे पाणी एकदाच काढून नवे भरावे, म्हणजे औषधही जाईल आणि अमोनियाही जाईल. पण दोन वर्षांपूर्वी, पहिल्या टाकीच्या वेळी, मी असेच संपूर्ण पाणी बदलले होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीन मासे मेलेले आढळले होते, म्हणून हात धजावत नाही. सगळे पाणी बदलावे की थोडे थोडे? कार्बन (सक्रिय कोळसा) घालावा का? मिठाचे काय करावे? आमच्या सोसायटीत पालिकेचे पाणी सकाळी येते आणि कमी पडले तर त्यात बोअरवेलचे पाणी मिसळले जाते, हेही सांगून ठेवते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (ऐरोली, नवी मुंबई)

ताई, सगळे पाणी एकदाच बदलू नका. तुमची भीती रास्त आहे आणि तिचे कारण नीट समजले तर पुढची पावले आपोआप ठरतील.

औषधाचा उपचार संपतो तेव्हा टाकीत दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडलेल्या असतात, आणि बहुतेक जण त्यांतली डोळ्यांना दिसणारी एकच दुरुस्त करायला जातात. पहिली गोष्ट म्हणजे पाण्यात उरलेले औषध. ते काढणे सोपे आहे. दुसरी म्हणजे स्पंजात, खडीवर आणि काचेवर वाढलेले ते जिवाणू, जे माशांच्या उत्सर्गातून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. मिथिलीन ब्लू या जिवाणूंनाही मारक ठरतो, आणि जे काही वाचले असतील त्यांतले बरेचसे काल नळाखालच्या क्लोरीनने गेले असावेत. तुमचा अमोनिया १ आणि नायट्राइट शून्य येणे म्हणजे साखळीचा पहिलाच दुवा तुटल्याची खूण आहे. निळा रंग गेला म्हणजे पाणी सुधारले असे समजू नका. रंग चार दिवसांत जाईल, जिवाणू परतायला आठवडे लागतील.

आता आधी श्वास. एंजल वर उभे आहेत त्याला एकापेक्षा जास्त कारणे असू शकतात. परजीवीने कल्ल्यांना इजा केलेली असते, अमोनिया त्यांना जाळतो, आणि ३० अंशांच्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. त्यात तो पेजेसारखा गढूळपणा म्हणजे मेलेल्या सेंद्रिय पदार्थांवर वेगाने वाढलेले दुसऱ्याच जातीचे जिवाणू असतात आणि तेही प्राणवायू खातात. म्हणून हा निरोप वाचून झाल्याबरोबर दुसरा एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) लावा, पाण्याचा पृष्ठभाग चांगला हलता ठेवा, आणि हीटर रोज एकेक अंशाने उतरवत २७ वर आणा. एकदम बंद करू नका.

त्यानंतर खडी तपासा. अशा औषधांनी खडीत लपलेल्या लहान गोगलगायी मरतात आणि तिथेच कुजतात. माझ्या टाकीत एकदा असेच झाले होते. सतत पाणी बदलूनही अमोनिया उतरेना, तेव्हा एका कोपऱ्यातली खडी बोटाने उकरली तर खाली कुजलेल्या गोगलगायींचा थर निघाला, आणि हाताला आलेला तो वास साबणानेही दिवसभर गेला नाही. नळीने तळ ओढून घ्या, पण आज निम्मा आणि तीन दिवसांनी उरलेला निम्मा, कारण जे थोडे उपयोगी जिवाणू खडीवर शिल्लक आहेत त्यांनाही सगळे एकदम ढवळू नये. व्हॅलिस्नेरियाची पाने विरघळल्यासारखी झाली असतील तर ती कापून बाहेर काढा. मुळे शाबूत असतील तर झाड पुन्हा फुटते.

पाणी किती बदलावे, याचा हिशेब करून देतो. रोज २५ टक्के पाणी बदलले तर पाच दिवसांनी मूळ औषधाचे सुमारे २४ टक्के उरते आणि आठ दिवसांनी १० टक्के. हे आकडे कार्बनशिवायचे आहेत. म्हणजे रोज एक चतुर्थांश बदलण्याचा मार्ग संथ वाटला तरी आठवड्यात काम करतो, आणि माशांना एका वेळी तापमान, पीएच आणि क्षार यांत मोठा फरक सोसावा लागत नाही. दोन वर्षांपूर्वी तुमचे मासे नव्या पाण्याच्या अस्वच्छतेने गेले नसावेत. जुन्या पाण्यात मुरलेल्या माशांवर एका रात्रीत सगळेच वेगळे पाणी आले, आणि त्यात क्लोरीन असेल तर तोही थेट कल्ल्यांवर.

इथे तुमच्या मापाबद्दल एक गोष्ट सांगावीशी वाटते. ३० गुणिले १२ गुणिले १५ इंच म्हणजे काठोकाठ ८८ लिटर होतात हे खरे, पण दोन इंच खडी आणि वर दोन इंच रिकामी जागा सोडली तर पाण्याची उंची ११ इंच राहते, म्हणजे प्रत्यक्ष पाणी सुमारे ६५ लिटर. औषध तुम्ही ९० लिटरचे घातलेत, म्हणजे मात्रा जवळजवळ दीडपटीला टेकली. कोरीडोरासच्या अंगावर टेट्रासारखे खवले नसतात आणि मॅलाकाइट ग्रीन त्यांना जास्त झोंबतो, अनेक अनुभवी लोक त्यांच्यासाठी अर्धीच मात्रा वापरतात. तुमचे चौघेही तगले, हे नशीबच समजायचे. पण म्हणूनच औषध लवकर उतरवायला हवे, आणि पाणी बदलण्याचा हिशेबही ६५ लिटरवरच धरा. २५ टक्के म्हणजे १६ लिटर, साधारण एक घरगुती बादली.

कार्बन जरूर घाला. सक्रिय कोळसा हे दोन्ही रंग उत्तम शोषतो. अमोनिया, नायट्राइट किंवा मीठ मात्र तो शोषत नाही, त्यामुळे पाणी काचेसारखे स्वच्छ झाले तरी टेस्ट किट बाजूला ठेवू नका. तुमच्याकडे स्पंज फिल्टर आहे, म्हणजे कोळसा ठेवायला कप्पा नाही. जाळीच्या पिशवीत भरून टाकीत नुसता लटकवला तर त्यातून पाणी वाहत नाही आणि फार उपयोग होत नाही. एअर पंपावर चालणारा छोटा बॉक्स फिल्टर स्वस्त मिळतो, तो घ्या. मी ६५-७० लिटरला १०० ग्रॅमच्या आसपास कोळसा वापरतो, काळे पाणी निथळेपर्यंत नळाखाली धुतो, आणि चार-पाच दिवसांनी काढून टाकतो. तो घरी धुऊन किंवा उन्हात ठेवून पुन्हा ताजा होत नाही. टाकीच्या कोपऱ्यातले सिलिकॉन निळे राहील, त्याची चिंता करू नका.

स्पंज यापुढे नळाखाली धुवायचा नाही. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात दोनदा हलका पिळायचा, तपकिरी राहिला तरी राहू द्यायचा.

खाणे दोन दिवस पूर्ण बंद ठेवा. निरोगी माशांना त्याने काही होत नाही, आणि जितके खाणे कमी तितका अमोनिया कमी. तिसऱ्या दिवसापासून दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल इतकी चिमूट.

उत्तर २ (कळवा, ठाणे)

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, पण कार्बन घालण्यापूर्वी एक प्रश्न विचारला गेला पाहिजे होता. ताई, शेवटचा ठिपका नक्की कोणत्या दिवशी दिसेनासा झाला?

हे विचारण्याचे कारण असे की पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी माशाच्या कातडीखाली असताना औषधाच्या कक्षेबाहेर असतो. पोट भरल्यावर तो माशावरून गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करून शेकडो पिल्लांत विभागतो, आणि ती पिल्ले कवच फोडून नवा मासा शोधत पाण्यात पोहू लागतात. औषध फक्त या पोहणाऱ्या अवस्थेतच त्याला मारते. म्हणजे माशांवरचे ठिपके गेले त्या दिवशी रोग संपलेला नसतो, उलट त्या दिवशी तो खडीत उतरलेला असतो. २८ ते ३० अंशांना हे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, थंड पाण्यात बरेच जास्त दिवस लागतात. त्यामुळे शेवटचा ठिपका गेल्यावर किमान तीन-चार दिवस तरी औषध पाण्यात राहिले पाहिजे. तेवढे झाले असेल तर कार्बन आजच घालावा. झाले नसेल, तर मी कार्बन थांबवून फक्त पाणी बदलेन आणि बदललेल्या पाण्याच्या प्रमाणात औषधाची, योग्य मापाने, भरपाई करेन. हीटरसुद्धा त्या मुदतीपर्यंत उतरवणार नाही. घाईने कोळसा घालून आठव्या दिवशी पुन्हा ठिपके उगवलेले मी पाहिले आहेत, आणि दुसऱ्यांदा तेच औषध सोसण्याइतकी ताकद तेव्हा माशांत उरलेली नव्हती.

दुसरा मुद्दा तुमच्या अमोनियाच्या आकड्याचा. द्रवाच्या ज्या किटमध्ये अमोनिया नसताना नळीतले पाणी पिवळे आणि असताना हिरवे होते, त्या किटमध्ये निळसर पाणी घातले तर काय होईल? पिवळ्यात निळा मिसळून हिरवा दिसणारच. तुमचा १ पीपीएम हा खराही असेल किंवा त्यातला काही भाग मिथिलीन ब्लूचा असेल. पडताळायचे असेल तर एका नळीत टाकीचे पाणी तसेच, रसायन न घालता भरा, दुसरीत रसायन घालून चाचणी करा, आणि दोन्ही नळ्या पांढऱ्या कागदासमोर दिवसाच्या उजेडात शेजारी धरा. पहिल्या नळीत जितकी निळाई दिसते तितकी दुसरीतल्या हिरव्यातून मनाने वजा करावी लागते. हे मोजमाप अचूक नाही, म्हणून रंग उतरेपर्यंत आकडा खरा आहे असेच धरून वागावे.

उत्तर ३ (नेरुळ, नवी मुंबई)

नमस्कार ताई. मी पाणी बदलण्याच्या सल्ल्यात थोडी भर घालतो, कारण तुम्ही बोअरवेलचा उल्लेख केला आहे आणि त्याकडे अजून कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप विषारी, दुसरे तुलनेने निरुपद्रवी, आणि किट दोन्ही मिळून एकच आकडा दाखवते. त्यांचे प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतात. २८ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम ०.७ टक्के भाग विषारी असतो, पीएच ८ असेल तर साडेसहा टक्के. तुमच्या ७.४ ला तो पावणेदोन टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे आज मासे धोक्यात असले तरी वेळ हातात आहे. पण समजा उद्या तुम्ही सगळे पाणी बोअरवेलचे भरले आणि त्याचा पीएच ८.२ निघाला, तर उरलेला किंवा नव्याने तयार होणारा अमोनिया पाच-सहा पट जास्त विषारी होईल. आकडा तोच राहील आणि मासे मरतील. म्हणून बादलीतल्या पाण्याचा पीएच मोजल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. एक-दोन दशांशांचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर बदल १० टक्क्यांवर आणा आणि दिवसातून दोनदा करा.

आमच्याकडे मोरबे धरणाचे पाणी येते, तुमच्याकडे ठाण्यात बरेचसे भातसा नदीचे. दोन्ही पावसाने भरणारी, त्यामुळे बोअरच्या तुलनेत मऊ. माशांना ते चांगलेच, पण ज्या जिवाणूंना आपण परत आणू पाहतो ते अमोनिया फोडताना पाण्यातली क्षारता, म्हणजे आम्ल पचवून पीएच टिकवण्याची शक्ती, खर्च करतात, दर मिलिग्राम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्राम. मऊ पाण्यात ती संपली की पीएच हळूहळू घसरतो आणि जिवाणूंचे काम मंदावते. रोज पाणी बदलत राहिलात तर ही उणीव आपोआप भरून निघते, त्यासाठी वेगळे काही घालायला मी सांगणार नाही.

बादली आदल्या रात्री भरून त्यात एअर स्टोन सोडून ठेवा. साधा क्लोरीन रात्रभरात उडून जातो. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग) असेल तर तो असा उडत नाही, म्हणून अँटीक्लोरचे, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या द्रवाचे, थेंबही मापाने घाला. आणि एक विनंती मनापासून करतो: सोसायटीची टाकी ज्या दिवशी साफ होणार आहे त्याची तारीख वॉचमनकडून विचारून घ्या. साफसफाईनंतर ब्लीचिंग पावडरचा अंश असलेले पाणी आमच्या इमारतीत एकदा आले होते. वास सर्वांना आला, पण मी नेहमीच्या सवयीने नेहमीइतकेच थेंब घातले आणि संध्याकाळी आठ रास्बोरा तळाशी आडवे पडलेले मिळाले. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाणी बदलू नये.

मिठाबद्दल कोणी बोलले नाही. तुमचे दोन मोठे चमचे म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास, ६५ लिटरला लिटरमागे अर्धा ग्रॅम. ते काढायची घाई करू नका. अमोनिया उतरू लागला की पुढच्या टप्प्यात नायट्राइट वाढेल, कारण ते फोडणारे जिवाणू त्याहून संथ असतात. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात जाऊन रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती घालवतो, अशा माशाचे कल्ले तपकिरी दिसतात. मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांपाशीच अडवतो, आणि त्यासाठी लिटरमागे ०.२ ग्रॅम मीठही पुरेसे असते. रोज पाणी बदलल्याने मीठ कमी होत जाईलच. चौथ्या-पाचव्या दिवसापासून प्रत्येक १६ लिटरच्या बादलीत ३ ग्रॅम मीठ विरघळवून घाला, म्हणजे पातळी साधारण तेवढीच राहील. चमच्याने न मोजता वजनकाट्यावर मोजा, कारण जाड्या मिठाचा चमचा प्रत्येक वेळी वेगळा भरतो. बाष्पीभवनाने कमी झालेल्या पाण्याची भर मात्र नेहमी बिनमिठाच्या पाण्याने घालावी. पाणी उडते, मीठ उडत नाही.

उत्तर ४ (मानपाडा, ठाणे)

एक छोटी पण आवश्यक सूचना. औषधी पाणी संडासात किंवा मोरीत, म्हणजे मलवाहिनीत जाईल अशा ठिकाणी ओता. ठाण्यात घराजवळ तलाव असण्याचे भाग्य अनेकांना आहे, पण मासुंदा किंवा उपवन तलावात असले पाणी अथवा आजारी मासे कोणीही, कोणत्याही कारणाने सोडू नयेत. टाकीचे पाणी कुंड्यांना घालण्याची सवय असेल तर तीही सध्या थांबवा. एरवी ते पाणी कढीपत्त्याला फार मानवते, पण औषध आणि मीठ असलेले नाही.

उत्तर १ मधील सभासद, पुन्हा (ऐरोली)

कळव्याच्या सभासदांचा मुद्दा बरोबर आहे. शेवटच्या ठिपक्याचा दिवस विचारायला हवा होता, माझ्याकडून ते राहिले. ताई, आधी ते सांगा, मगच कार्बन. हीटर उतरवण्याचेही तोवर थांबवा.

बाटलीतले जिवाणू मिळतात आणि काहींना त्यांचा उपयोग झाला आहे, पण दुकानात उन्हाळाभर गरम राहिलेल्या बाटलीत जिवंत किती असतील हे सांगता येत नाही. त्यापेक्षा चालू टाकीतला मुरलेला स्पंज शंभर पट बरा. माझ्याकडे एका टाकीत दोन स्पंज आहेत. त्या टाकीत गेल्या तीन महिन्यांत नवा मासा आलेला नाही आणि कोणताही रोग नाही. तुम्हाला चालणार असेल तर त्यातला एक देतो. पण तो औषध पाण्यात असताना देऊन उपयोग नाही, नाहीतर तोही मरेल. निळाई पूर्ण उतरली की कळवा. ऐरोलीहून ठाणे ट्रान्स-हार्बर लोकलने थोडक्या वेळात होते. स्पंज टाकीच्या पाण्यात बुडवून, अर्धी पिशवी हवा ठेवून आणायचा आणि घरी पोचताच चालू करायचा.

प्रश्नकर्तीकडून (नौपाडा)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटचा ठिपका एका मॉलीच्या शेपटीवर होता आणि तो औषधाच्या तिसऱ्या दिवशी गेला, म्हणजे आज त्याला चार दिवस झाले. शेवटचे दोन दिवसही औषध पूर्ण मात्रेत, किंबहुना वरील हिशेबाप्रमाणे त्याहून जास्त होते. उत्तरांतील सल्ल्याप्रमाणे मुदत भरली आहे असे समजून कार्बन आज दुपारी बॉक्स फिल्टरमध्ये घातला.

खडी उकरली. स्पंज फिल्टरच्या मागे, जिथे माझा हात कधी जात नाही, तिथे गोगलगायींच्या पांढऱ्या पडलेल्या शिंपल्यांचा ढीग होता, साधारण मूठभर, आणि त्यांतल्या काही अजून भरलेल्या होत्या. वास वर्णन केल्याप्रमाणेच होता. दुसरा एअर स्टोन लावल्यापासून एका तासात मोठा एंजल खाली, पानांच्या मागे परत गेला आहे. लहान अजून वर आहे.

बादलीतले पाणी मोजले तर पीएच ७.६ आला, म्हणून १६ लिटर बदलले. काल मी बोअरवेलच्या नळाचे पाणीही वेगळे मोजले, ते ८.३ निघाले. हे आधी मोजले असते तर कदाचित मागच्या वेळचे तीन मासे वाचले असते.

प्रश्नकर्तीकडून, नऊ दिवसांनी

थोडक्यात हकिगत कळवते. चौथ्या दिवशी पाण्याची निळाई गेली आणि त्या दिवशी दोन्ही नळ्या शेजारी धरून पाहिल्यावर अमोनिया ०.५ आला. ऐरोलीच्या सभासदांनी दिलेला स्पंज पाचव्या दिवशी बसवला, आमचा जुना स्पंजही शेजारी चालू ठेवला आहे. पांढुरका गढूळपणा सहाव्या दिवशी सकाळी होता आणि संध्याकाळी नव्हता. सातव्या दिवशी नायट्राइट पहिल्यांदा दिसला, ०.५, आणि आज ०.२५ आहे. अमोनिया दोन दिवस शून्य आहे. तापमान २७ वर आले. मीठ वजन करून घालत आहे.

एक कोरीडोरास मात्र तिसऱ्या दिवशी गेला. इतर तीन कालपासून पुन्हा खडीत तोंड खुपसून मिशांनी चाचपत फिरत आहेत.

माझा शेवटचा प्रश्न असा की रोजचे पाणी बदलणे केव्हा थांबवावे, आणि यापुढे नवे मासे आणल्यावर ते किती दिवस वेगळे ठेवावेत?

उत्तर २ मधील सभासद (कळवा)

कोरीडोरासचे वाईट वाटले. नायट्राइट सलग तीन दिवस शून्य आला की रोजचे बदल थांबवून आठवड्यातून एकदा २५ टक्क्यांवर या, आणि त्यानंतरही पंधरा दिवस दर दोन दिवसांनी मोजत राहा. खाणे एकदम पूर्ववत करू नका, आठवड्याभरात वाढवत न्या, कारण जिवाणू आज जेवढा अमोनिया मिळतो तेवढ्यापुरतेच वाढलेले आहेत.

नवे मासे किमान चार आठवडे वेगळे ठेवावेत. त्यासाठी २० लिटरचा प्लास्टिकचा टब, एक हीटर आणि एक छोटा स्पंज पुरतो. तो छोटा स्पंज एरवी मोठ्या टाकीतच, मागच्या कोपऱ्यात चालू ठेवा, म्हणजे टब लावायची वेळ येईल तेव्हा तो मुरलेलाच मिळेल. टबात औषध वापरले गेले तर मात्र तो स्पंज मोठ्या टाकीत परत टाकू नका.